गांजाच्या कायदेशीर दुकानात नोकरी, मग कर्ज कोण देणार? अमेरिकेतल्या पर्यायांचं परीक्षण

कोलोरॅडोतला एखादा बडटेंडर घ्या. परवानाधारक दुकानात काउंटरमागे उभं राहून गिऱ्हाइकाला माल समजावून देणारा हा माणूस. तासाला २१ डॉलर, आठवड्याला ४० तास, म्हणजे महिन्याला ३,६४० डॉलर. पगारातून फेडरल कर कापला जातो, सोशल सिक्युरिटी कापली जाते, वर्ष संपल्यावर डब्ल्यू-२, म्हणजे वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, हातात पडतो. किराणा दुकानातल्या कॅशियरचा डब्ल्यू-२ शेजारी ठेवला तर फरक एका रकान्यात दिसतो, मालकाच्या नावात. त्या एका रकान्यामुळे कर्जाच्या बाजारात या माणसाला कशी वागणूक मिळते, कुठलं दार उघडतं, कुठलं बंद असतं आणि कुठलं उघडं असूनही आत जाऊ नये, ते इथे पाहू.

निकाल आधीच सांगतो. क्रेडिट स्कोअरला तुमची नोकरी कळत नाही. ती कळते कागद तपासणाऱ्या माणसाला. त्यामुळे पर्याय निवडताना व्याजदराच्याही आधी एक गोष्ट बघायची: या कर्जात मालकाचं नाव कोण वाचणार आहे, आणि कधी?

फायको हा अमेरिकेतला प्रचलित क्रेडिट स्कोअर, तो ३०० ते ८५० मध्ये असतो. त्यात हप्ते वेळेवर भरण्याला ३५ टक्के वजन, थकीत रकमेला ३०, खात्यांच्या वयाला १५, नव्या कर्जांना १० आणि कर्जांच्या प्रकारांना १०. नोकरी, पगार, मालक यांना शून्य. इक्विफॅक्स, एक्सपेरियन किंवा ट्रान्सयुनियन या पतनोंदी ठेवणाऱ्या तीन ब्युरोंच्या अहवालात मालकाचं नाव छापलेलं दिसेल, पण स्कोअरच्या गणितात ते येत नाही. म्हणजे ७४० स्कोअरचा बडटेंडर आणि ७४० स्कोअरची परिचारिका मशीनच्या लेखी सारखेच. अडचण सुरू होते ती उत्पन्नाची पडताळणी माणसाच्या टेबलावर गेली की.

देणारा का कचरतो

१९७० च्या नियंत्रित पदार्थ कायद्यात गांजा पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक बंदीच्या, परिशिष्टात बसवला गेला. आज २४ राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन इथे प्रौढांना तो कायदेशीर असला, तरी फेडरल कायद्याच्या नजरेत दुकानाची विक्री हा गुन्हाच. आणि गुन्ह्यातून आलेला पैसा जाणूनबुजून हाताळणं हे मनी लॉन्डरिंग. त्या कायद्याच्या एका कलमाला १०,००० डॉलरची मर्यादा आहे, दुसऱ्याला कसलीच नाही. पगार हा ‘त्या’ पैशाचाच भाग धरायचा का, हा प्रश्न बँकेच्या वकिलाला छळतो.

१४ फेब्रुवारी २०१४ रोजी फिनसेन या फेडरल खात्याने मार्गदर्शन काढलं. गांजा-व्यवसायाचं खाते ठेवायचं तर बँकेने संशयास्पद व्यवहाराचे अहवाल द्यायचे, आणि त्यांचे तीन प्रकार केले: सगळं राज्याच्या नियमात असेल तर ‘मर्यादित’, काही खटकलं तर ‘प्राधान्य’, आणि खातं बंद केलं तर ‘समाप्ती’. न्याय खात्याचं ऑगस्ट २०१३ चं ज्ञापन याचा आधार होतं. ते जानेवारी २०१८ मध्ये मागे घेतलं गेलं, फिनसेनचं मार्गदर्शन मात्र राहिलं. पण त्याचा विषय आहे व्यवसाय. तिथे काम करणाऱ्या पगारदाराने गाडीसाठी कर्ज मागितलं तर काय करायचं, हे प्रत्येक बँक आपापल्या मनाने ठरवते. एकाच रस्त्यावरच्या दोन बँका म्हणूनच दोन उत्तरं देतात.

खरं सांगायचं तर भीतीपेक्षा हिशेब मोठा आहे. ३,००० डॉलरचं कर्ज, २४ महिने, १५ टक्के. हप्ता १४५ डॉलर ४६ सेंट, दोन वर्षांत एकूण व्याज ४९१ डॉलर. त्यातून बँकेचा स्वतःचा भांडवली खर्च, बुडीत कर्जांची तरतूद आणि कार्यालयाचा खर्च वजा करा. आता या एका अर्जासाठी अनुपालन अधिकाऱ्याने दोन तास फाइल चाळली तर उरतं काय? नकार देणं स्वस्त पडतं. यात द्वेष नाही, पण ज्याला नकार मिळाला त्याला त्याचं काय!

परिशिष्ट बदललं की सगळं सुटेल, असं अनेकांना वाटतं. मे २०२४ मध्ये न्याय खात्याने गांजा तिसऱ्या परिशिष्टात हलवण्याचा प्रस्ताव प्रसिद्ध केला. पण तिसऱ्या परिशिष्टातली औषधंसुद्धा प्रिस्क्रिप्शनशिवाय काउंटरवर विकता येत नाहीत. परिशिष्ट बदलल्याने मालकाची कलम २८०-ई ची करकोंडी सुटते, म्हणजे आज जे धंद्याचे खर्च वजावट म्हणून दाखवता येत नाहीत ते दाखवता येतात. नोकरदाराच्या पगाराचं मूळ मात्र तेवढ्याने आपोआप शुद्ध ठरत नाही.

सिक्युअर्ड कार्ड: साधं आणि सर्वांत भरवशाचं

२०० किंवा ३०० डॉलर अनामत ठेवायची, तेवढीच मर्यादा मिळते. कार्ड कंपनीला तुमची फेडण्याची क्षमता बघावी लागते, पण त्यासाठी अर्जात तुम्ही लिहिलेल्या उत्पन्नावर विसंबायची तिला मुभा आहे. पगाराची पावती क्वचितच मागितली जाते. या सगळ्या यादीत मालकाचं नाव सर्वांत कमी वाचलं जातं ते इथे.

वापरायचं कसं, ते नीट समजून घ्या, कारण बहुतेक लोक इथेच चुकतात. ब्युरोला आकडा सहसा जातो तो बिल बनतं त्या दिवसाचा, बिल भरायच्या शेवटच्या दिवसाचा नाही. ३०० मर्यादेच्या कार्डावर २४० खर्च केले आणि मुदतीत सगळे भरले, तरी अहवालात ८० टक्के वापर दिसू शकतो. उपाय सोपा आहे: बिल बनायच्या तीन-चार दिवस आधी बाकी ९० च्या खाली आणायची, मग उरलेली रक्कम मुदतीत भरायची. फायको स्कोअर तयार व्हायला किमान एक खातं सहा महिने जुनं असावं लागतं, त्यामुळे घाई उपयोगाची नाही. कार्ड घेण्याआधी दोनच प्रश्न विचारा: तिन्ही ब्युरोंना अहवाल जातो का, आणि वार्षिक शुल्क किती? दोन्हीपैकी एकाचं उत्तर गोलमाल आलं तर पुढचं कार्ड बघा.

क्रेडिट युनियन: चांगली, पण फोन आधी

क्रेडिट युनियन म्हणजे सभासदांच्या मालकीची पतसंस्था. फेडरल क्रेडिट युनियनच्या कर्जांना १८ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. लहान गरजेसाठी त्यांचं एक खास कर्ज असतं, पेडे लोनला (पुढच्या पगारापर्यंतच्या महागड्या उसनवारीला) पर्याय म्हणून काढलेलं, ज्याला तिथले लोक ‘पाल’ म्हणतात. पहिल्या प्रकारात २०० ते १,००० डॉलर, एक ते सहा महिने, आणि सभासद होऊन महिना झालेला हवा. दुसऱ्या प्रकारात २,००० पर्यंत, बारा महिन्यांपर्यंत, सभासदत्वाची वाट न बघता. दोन्हींना २८ टक्क्यांची मर्यादा, अर्जाचं शुल्क २० डॉलरपेक्षा जास्त नाही. २,००० डॉलर बारा महिन्यांसाठी २८ टक्क्यांनी घेतले तर हप्ता १९३ डॉलर आणि एकूण व्याज ३१६ डॉलरच्या आसपास. गाडीचा गिअरबॉक्स गेला, दात काढायचा आहे, अशा वेळी याच्याइतका स्वच्छ पर्याय दुसरा नाही. प्रत्येक युनियन हे कर्ज देतेच असं नाही, हे ध्यानात ठेवा.

गैरसमज एक आहे. कोलोरॅडोतली पार्टनर कोलोरॅडो, ऑरेगनमधली मॅप्स, मॅसॅच्युसेट्समधली जीएफए फेडरल या क्रेडिट युनियननी गांजा-व्यवसायांची खाती उघडली. म्हणून कामगाराला तिथे कर्ज हमखास मिळेल, हा निष्कर्ष चुकीचा. व्यवसायाचं खातं हा वेगळा विभाग, त्याचं शुल्क वेगळं आणि तपासणीही वेगळी. वैयक्तिक कर्जाचा विभाग दुसऱ्या मजल्यावर बसतो आणि त्याचं धोरण दुसऱ्या फायलीत असतं.

म्हणून अर्ज टाकण्याआधी फोन करा. अर्जाबरोबर होणारी कडक चौकशी स्कोअरवरून काही गुण नेते आणि अहवालात दोन वर्षं दिसते. फोन फुकट आहे. विचारायचं असं: “राज्याचा परवाना असलेल्या गांजा-कंपनीतला डब्ल्यू-२ पगार तुम्ही वैयक्तिक कर्जासाठी उत्पन्न म्हणून धरता का? हे लेखी धोरण आहे की शाखेतला अधिकारी ठरवतो? पगार त्या कंपनीकडून थेट खात्यात आला तर खातं चालू राहील ना?” तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच लोक विसरतात. कर्ज मंजूर झालं, हप्ता त्या खात्यातून कापला जाऊ लागला आणि चौथ्या महिन्यात खातंच बंद झालं, तर हप्ता चुकतो. स्कोअरच्या ३५ टक्क्यांवर घाव बसतो, आणि कारण तुमचं नसतंच.

ऑनलाइन वैयक्तिक कर्ज

इथे वेग आहे, आणि वेगाची किंमत आहे. आधी मऊ चौकशीवर दर दाखवतात, स्कोअर हलत नाही, हे चांगलं. पण दाखवलेला दर पडताळणीनंतर टिकेलच असं नाही. ५,००० डॉलर, ३६ महिने: १८ टक्क्यांनी हप्ता १८०.७६, एकूण व्याज सुमारे १,५०७. तेच ३६ टक्क्यांनी २२९.०२ आणि ३,२४५. वर प्रक्रिया शुल्क आधीच कापून घेतात. ६ टक्के असेल तर हातात ४,७०० पडतात आणि व्याज मात्र ५,००० वर चालतं. एपीआर, म्हणजे शुल्क धरून येणारा वार्षिक दर, बघा, नुसता व्याजदर नव्हे.

नोकरीची पडताळणी इथे बरेचदा इक्विफॅक्सच्या ‘द वर्क नंबर’ या यंत्रणेतून होते. तिथेच घोळ होतो. अनेक गांजा-कंपन्या पगार वेगळ्या व्यवस्थापन कंपनीमार्फत किंवा मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीमार्फत काढतात. दुकानाच्या पाटीवर एक नाव, डब्ल्यू-२ वर दुसरं, आणि अर्जात कर्मचाऱ्याने लिहिलेलं तिसरं. मशीनला जुळणी सापडत नाही, अर्ज अडतो. अर्जात नाव डब्ल्यू-२ वर आहे तसंच, स्वल्पविरामासकट लिहायचं. वर्क नंबरवर आपल्याबद्दल काय नोंद आहे त्याचा अहवाल फुकट मागवता येतो. अर्जाच्या महिनाभर आधी मागवा, नोकरी सुरू झाल्याची तारीख चुकलेली असेल तर दुरुस्त करायला वेळ मिळतो.

काही जण इथे ‘शहाणपणा’ करतात: मालकाचं नाव बदलून लिहितात, किंवा “किरकोळ कपड्यांचं दुकान” असं ठोकून देतात. हे करू नका. फेडरल विम्याखालच्या संस्थेला कर्जासाठी जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा स्वतंत्र फेडरल गुन्हा आहे, कमाल शिक्षा ३० वर्षं आणि १० लाख डॉलर दंड. व्यवस्थापन कंपनीचं नाव डब्ल्यू-२ वर खरोखर असेल तर ते लिहिणं खोटं नाही. पण “कंपनी काय करते?” असा सरळ प्रश्न आला की सरळ उत्तर द्यायचं. नाहीतर नकाराच्या पत्रावर भागणारं प्रकरण खटल्यावर जातं.

पेडे लोन: आगीतून फुफाट्यात

यांना तुमचा मालक कोण याच्याशी काही देणंघेणं नसतं. गोडी तेवढीच. कॅलिफोर्नियात चेकची कमाल रक्कम ३०० डॉलर, त्यावर शुल्क कमाल ४५. हातात २५५ पडतात आणि दोन आठवड्यांनी ३०० द्यायचे. वर्षाच्या हिशेबात हे सुमारे ४६० टक्के. वॉशिंग्टन राज्यात एका वेळी ७०० डॉलर किंवा महिन्याच्या ढोबळ उत्पन्नाच्या ३० टक्के, यातलं जे कमी ते, आणि वर्षात जास्तीत जास्त आठ कर्जं. आठ ही मर्यादा आहे. आठ वेळा घ्यायलाच हवं असं कायदा म्हणत नाही, पण धंदा त्याच भरवशावर चालतो.

योगायोग म्हणा, पण गांजा कायदेशीर केलेल्या काही राज्यांनी या धंद्यालाही वेसण घातली आहे. कोलोरॅडोत २०१८ च्या मतदानानंतर ३६ टक्क्यांची मर्यादा आली, इलिनॉयमध्ये २०२१ मध्ये, न्यू मेक्सिकोत १ जानेवारी २०२३ पासून. तिथे राहणाऱ्याला हे जाळं बरंच विरळ झालं आहे. मात्र ३६ टक्क्यांच्या राज्यात बसून ४०० टक्क्यांची ऑनलाइन जाहिरात दिसली तर समजा की देणारा राज्याचा परवाना टाळतो आहे.

गाडीच्या शोरूममधल्या कर्जाबद्दल थोडक्यात: पगाराची पावती पुरते, नकार कमी, पण विक्रेता दरात स्वतःचा वाटा मिसळतो. क्रेडिट युनियनचं मंजुरीपत्र खिशात ठेवूनच शोरूममध्ये शिरा. आणि फेडरल विद्यार्थी कर्जाला तर तुमचा मालक कोण हे विचारायचंच नसतं. उत्पन्नावर आधारित हप्ता करपत्रकातल्या आकड्यावर ठरतो. तेच फेडरल सरकार, त्याच पगारावर कर घेतं, त्याच पगारावर विद्यार्थी कर्जाचा हप्ता बसवतं, आणि घराच्या कर्जाची वेळ आली की त्याच पगाराकडे पाठ फिरवतं.

घराचं कर्ज: इथे दार खरंच बंद आहे

एफएचए हे गृहकर्जांना विमा देणारं फेडरल खातं. त्याच्या नियमपुस्तिकेत, ४००० पूर्णांक १ क्रमांकाच्या हँडबुकात, उत्पन्न कायदेशीर मार्गाने मिळालेलं असावं अशी अट आहे, आणि कायदेशीर म्हणजे फेडरल कायद्याने. ५८० स्कोअर आणि साडेतीन टक्के डाउन पेमेंटवर घर देणारी ही योजना प्रामुख्याने पहिल्यांदा घर घेणारे वापरतात. गांजा-कामगार बरेचदा नेमका त्याच गटात असतो. माजी सैनिकांच्या कर्जात तशी थेट बंदी नाही, पण उत्पन्न स्थिर आणि भरवशाचं आहे हे पटवणं अवघड जातं. खासगी कर्जदाते कर्ज पुढे फॅनी मे किंवा फ्रेडी मॅक या गृहकर्जं विकत घेणाऱ्या, सरकारच्या आधाराच्या कंपन्यांना विकतात. उद्या कर्ज परत गळ्यात पडेल या धास्तीने अनेकजण स्वतःची जादा अट घालतात. उरतात त्या राज्य सनदेच्या बँका आणि क्रेडिट युनियन, ज्या कर्ज विकत नाहीत, स्वतःच्या वहीत ठेवतात. त्यांना ‘पोर्टफोलिओ लोन’ मागायचं. दर जरा जास्त, डाउन पेमेंट बरंच जास्त.

नवरा-बायकोपैकी एकाची नोकरी दुसऱ्या क्षेत्रात असेल तर त्याच्या एकट्याच्या उत्पन्नावर अर्ज करता येतो. पण इथे एक खड्डा आहे. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, नेवाडा, न्यू मेक्सिको, ॲरिझोना ही सामाईक मालमत्तेची राज्यं. तिथे एफएचए कर्जात, अर्जात नसलेल्या जोडीदाराची देणीसुद्धा हिशेबात धरतात. म्हणजे बडटेंडर बायकोचा पगार मोजणार नाहीत, पण तिच्या गाडीचा ३४० डॉलरचा हप्ता मोजणार! घराचा विचार दोन वर्षांत असेल तर आधी तिच्या नावावरची देणी फेडा, नवऱ्याच्या नावावरची नंतर. वरवर उलटं दिसतं, गणित मात्र हेच सांगतं.

हा प्रश्न सोडवणारी तरतूद लिहून तयार होती. सेफर बँकिंग विधेयकात राज्याने मान्य केलेल्या गांजा-व्यवसायातलं उत्पन्न फेडरल आधाराच्या गृहकर्जासाठी इतर उत्पन्नासारखंच धरावं असं कलम होतं. २७ सप्टेंबर २०२३ रोजी सिनेटच्या बँकिंग समितीने ते १४ विरुद्ध ९ मतांनी पुढे पाठवलं. पण पूर्ण सिनेटमध्ये मतदान झालंच नाही आणि ते बारगळलं. त्याची आधीची आवृत्ती कनिष्ठ सभागृहाने सप्टेंबर २०१९ मध्ये ३२१ विरुद्ध १०३ ने मंजूर केली होती.

कागद जुळवणं

पगार रोखीत मिळत असेल तर निम्मी लढाई इथेच हरली जाते. मालकाला बँक नाही, म्हणून पाकीट रोख. पाकीट रोख, म्हणून कामगाराचा माग नाही. माग नाही, म्हणून “उत्पन्न पडताळता आलं नाही”. हे तोडायचा मार्ग एकच. दर पगाराला पावती मागायची, त्यावर ढोबळ रक्कम, कपात आणि निव्वळ रक्कम वेगवेगळी हवी. पावतीवर निव्वळ १,२७४ डॉलर ६० सेंट असतील तर खात्यात त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी १,२७४ डॉलर ६० सेंटच भरायचे. पाकिटातून आधी भाड्याचे काढून उरलेले ६०० भरले तर पावती आणि पासबुक दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, आणि तपासणारा पासबुकावर विश्वास ठेवतो. बारा महिने असं जुळलं की रोख पगारालाही पाठीचा कणा येतो.

साठवलेली रोकड एकदम भरायची असेल आणि ती १०,००० च्या वर असेल तर सरळ एकदम भरा. बँक एक फॉर्म भरेल, संपलं. तो फॉर्म टाळण्यासाठी ४,००० च्या तीन थप्प्या करून तीन दिवस जाणं हा मात्र गुन्हा आहे, पैसा अगदी घामाचा असला तरी.

टिप हा दुसरा गळका नळ. एका मालकाकडे महिन्यात २० डॉलर किंवा जास्त टिप मिळाली तर पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत मालकाला लेखी कळवायची. कळवली तर ती डब्ल्यू-२ मध्ये येते, आणि आली तरच उत्पन्न म्हणून मोजली जाते. महिन्याला ४०० टिप म्हणजे ३,६४० चे ४,०४०. देणी १,६५० असतील तर देणं-उत्पन्न प्रमाण ४५ वरून ४१ टक्क्यांवर येतं. एवढ्या फरकाने अर्ज इकडचा तिकडे होतो. कराचे चार पैसे वाचवायला टिप दडवणारा माणूस स्वतःच्याच कर्जाला कात्री लावतो.

ग्रीन कार्डवर असलेल्यांसाठी एक वेगळा इशारा. नागरिकत्व देणाऱ्या खात्याने १९ एप्रिल २०१९ रोजी स्पष्ट केलं की राज्यात कायदेशीर असली तरी गांजा-उद्योगातली नोकरी ‘सदाचारा’च्या अटीत आड येऊ शकते. तुमच्यासाठी प्रश्न कर्जाचा नाही, नोकरीचाच आहे. इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय या उद्योगात पाऊल टाकू नका.

नकाराचं पत्र वाचायचं कसं

पूर्ण अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत देणाऱ्याने निर्णय कळवायचा असतो. नकार असेल तर नेमकी कारणं द्यायची, किंवा ती मागण्याचा हक्क आहे असं लिहायचं. मग ६० दिवसांत मागा. पत्र फाडून टाकू नका, त्यातला शब्द न् शब्द कामाचा आहे. “उत्पन्न पडताळता आलं नाही” किंवा “नोकरी पडताळता आली नाही” हे कारण असेल तर दुरुस्ती शक्य आहे: पावत्या, डब्ल्यू-२, मालकाचं पत्र जोडून फेरविचार मागा. “कर्जाच्या मानाने उत्पन्न अपुरं” असेल तर बहुतेक वेळा टिप किंवा रोख मोजलेली नाही. उत्पन्नाचा स्रोतच मान्य नाही असं असेल तर भांडू नका, दुसरं दार ठोठवा. १९७४ च्या समान पतसंधी कायद्यात वंश, धर्म, लिंग, वैवाहिक स्थिती, वय, सरकारी मदतीचं उत्पन्न अशा गोष्टींना संरक्षण आहे, व्यवसायाला नाही. हा अन्याय आहे, पण बेकायदा नाही. अपवाद एकच: स्रोताचं कारण पुढे करून प्रत्यक्षात वंश किंवा मूळ देश बघून नाकारलं असं दिसत असेल, तर ग्राहक वित्त संरक्षण विभागाकडे तक्रार जाऊ शकते.

नकार अहवालावरून आला असेल तर ६० दिवसांत त्या ब्युरोचा अहवाल फुकट मिळतो. आधी कधी बँकेने खातं बंद केलं असेल तर बँक खात्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या चेक्ससिस्टिम्सचाही मागवा. पगारामुळे बंद झालेलं खातं तिथे चुकून “गैरवापर” म्हणून नोंदलं गेलं असेल तर हरकत घ्या. तपासाला साधारण ३० दिवस लागतात.

सगळं फसलं तर

या परीक्षणातला सर्वांत वाईट गुण इथे द्यावा लागतो, कारण जाहिरातीत हे कुणी सांगत नाही. इतर पगारदार कर्जात बुडाला तर दिवाळखोरी कायद्यातल्या चॅप्टर १३ चा आधार असतो: न्यायालयाच्या देखरेखीखाली तीन ते पाच वर्षांची परतफेड. त्यात पैसे येतात कर्जदाराच्या पुढच्या पगारातून, आणि ते हाताळतो फेडरल व्यवस्थेतला विश्वस्त. गांजाचा पगार त्याने हाताळायचा कसा? २०२४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या दिवाळखोरी न्यायालयाने परवानाधारक दुकानातल्या एका कर्मचाऱ्याचा चॅप्टर १३ अर्ज याच मुद्द्यावर फेटाळला. फेडरल कायदा मोडत राहून फेडरल न्यायालयाकडे दिलासा मागणं सद्भावनेत बसत नाही, असं म्हणत. दुकानाचा मालक नव्हे, काउंटरवरचा नोकर. चॅप्टर ७ मध्ये, म्हणजे असलेली मालमत्ता विकून देणी मिटवण्याच्या दिवाळखोरीत, पुढचा पगार मालमत्तेत धरत नाहीत, त्यामुळे तिथली अडचण कमी, पण तिथेही दिवाळखोरी वकिलाला मालकाचं नाव पहिल्याच भेटीत सांगा.

न्यायालयाची गरज नसलेला एक मार्ग उरतो: ना-नफा पतसल्ला संस्थेची कर्ज व्यवस्थापन योजना. कार्डांचे दर खाली आणून सगळी देणी एका हप्त्यात, साधारण तीन ते पाच वर्षांत. नवी कार्डं घेता येत नाहीत, एखादा कर्ज देणारा सहभागी व्हायला नकारही देऊ शकतो. पहिल्या भेटीला तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, तिन्ही ब्युरोंचे अहवाल आणि महिन्याचा खर्च लिहिलेला एक कागद घेऊन जा.